जुन्या मोटारीच्या कांचेभोंवतालची पट्टी

मोटारगाडीच्या समोरच्या कांचेभोंवतीं जी बारीक चकाकती पट्टी असते, तिच्याकडे गाडीच्या मालकाचें लक्ष सहसा जात नाहीं. बॉनेटवरील नांव, चाकांच्या टोप्या, दिव्यांच्या कडा यांवरून रोज फडकें फिरतें; कांचेची पट्टी मात्र वर्षानुवर्षें आपल्या जागीं निमूटपणें बसून असते. ती आठवते पहिल्या मोठ्या पावसांत, कांचेच्या खालच्या कोपऱ्यांतून पाण्याची धार चालविणाराच्या गुडघ्यावर पडूं लागली म्हणजे. मग पट्टीच्या कडेनें कसलासा काळा लेप फांसून वेळ मारून नेण्यांत येते. पाणी कांहीं थांबत नाहीं. तें आंतल्या आंत वळतें आणि पत्रा गंजवीत बसतें.

यवतमाळ जिल्ह्यांतील मारेगांव हें वणीहून करंजीकडे जाणाऱ्या वाटेवरचें तालुक्याचें ठिकाण आहे. मुंबईच्या दमट हवेंत जी गाडी गंजानें मरते, ती इकडे प्रथम उन्हानें सुकते. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीच्या पत्र्याला हात लावतां येत नाहीं, आणि कपाशीच्या शेतांतील काळ्या मातीची धूळ व वणीच्या खाणींकडून येणाऱ्या ट्रकांमागें उडणारी कोळशाची भुकटी प्रत्येक फटींत जाऊन बसते. कांच धरून ठेवणारें रबर हें या साऱ्यांचें पहिलें भक्ष्य होय. कच्च्या रबरांत गंधक मिसळून तें तापविलें, तर तें थंडींत ठिसूळ व उन्हांत चिकट होत नाहीं, हें चार्ल्स गुडइयर यानें इ. स. १८३९ मध्यें शोधून काढलें व १८४४ मध्यें त्याचें पेटंट घेतलें. परंतु गंधकानें बांधलेल्या या पदार्थालाहि ऊन आणि हवेंतील ओझोन हळूहळू खातात. त्यावर बारीक भेगा पडतात, त्याची लवचीकता जाते, आणि शेवटीं तें वाळलेल्या कातड्यासारखें कडक होतें. मग मृगाचा पाऊस येतो व त्या भेगांतून वाट काढतो.

महाराष्ट्रांत जुनी गाडी म्हटली, कीं प्रथम आठवते ती कुर्ल्यास तयार झालेली फियाट. सोलापुरास जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं इ. स. १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यांत आरंभीं डॉज व प्लिमथ या अमेरिकन गाड्यांची जुळणी होई. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार होऊन त्या बनावटीच्या गाड्या निघूं लागल्या. १९६४ सालीं आलेली ‘फियाट ११०० डिलाइट’ हीच नांवें बदलीत १९७० च्या दशकांत ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व मग ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिचें उत्पादन विसाव्या शतकाबरोबरच आटोपलें, आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिनें केलेली दीर्घ चाकरी ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली. केंद्र सरकारनें २०२१ सालीं जुन्या गाड्यांसाठीं नियम केले. त्यांप्रमाणें ५० वर्षें उलटलेली व मूळ रूपांत राखलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवितां येते व तिच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. म्हणजे १९७४ सालची पद्मिनी आतां त्या पंगतीस बसण्याच्या वयाची झाली. तिच्या कांचेभोंवतीं दुसऱ्याच गाडीची पट्टी ठोकून बसविलेली असली, तर जाणत्या डोळ्याला तें खटकल्यावांचून राहत नाहीं.

काम हातीं घेण्यापूर्वीं तेथील रचना समजून घेतली पाहिजे. परकराला गोट लावावा, तसा कांचेभोंवतीं रबराचा गोट असतो. त्याला दोन खोल खांचा असतात. एकींत कांचेची कड बसते, दुसरींत गाडीच्या पत्र्याची. दर्शनी बाजूस तिसरी उथळ खांच असते. तिच्या दोन ओठांमध्यें चकाकती पट्टी धरलेली असते. म्हणजे कांच पत्र्याला कोठेंहि स्पर्श करीत नाहीं, आणि पट्टीहि कांचेला करीत नाहीं. कांहीं गाड्यांत ही पट्टी शोभेपुरती असते. कांहींत ती रबराचे ओठ ताणून तें आंवळून धरते, म्हणजे कुलपाचें काम करते. १९६० च्या पुढच्या पुष्कळ अमेरिकन गाड्यांत पट्टी रबरांत नसून पत्र्यावरील लहान क्लिपांत अडकविलेली असते व चपट्या आंकड्यानें एकेक क्लिप सोडवावी लागते. तो प्रकार इकडे क्वचित् आढळतो.

पट्टी वांकली तर मन हळहळतें. कांच फुटली तर गाडीच अडून राहते. मोटारीची कांच साध्या खिडकीच्या कांचेसारखी नसते. १९०३ सालीं एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत कांचेचा एक चंबू खालीं पडला. तो तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहींत. आंत सेल्युलोज नायट्रेटचा वाळलेला पापुद्रा होता, त्यानें ते धरून ठेविले. दोन कांचांमध्यें लवचीक पडदा घालण्याची युक्ति त्यावरून निघाली व १९०९ मध्यें तिचें पेटंट झालें. दुसऱ्या प्रकारची कांच तापवून एकदम निवविलेली असते. ती मध्यभागीं बुक्की सोसते, पण कडेला टोंक लागलें, कीं सगळी एका क्षणांत दाण्यादाण्यांची रास होते. पडद्याच्या कांचेला कडेपासून तडा जातो आणि तो उन्हातान्हांत पुढें सरकत राहतो. दोन्ही प्रकारांत मर्माची जागा कडच. आणि पट्टी काढणाराचें हत्यार नेमकें तिच्याचपाशीं फिरत असतें.

म्हणून हें काम दोघांनीं मिळून व सावकाशीनें करावयाचें आहे. गाडी सावलींत उभी करून कांच हाताला सोसेल इतकी निवूं द्यावी. तापलेल्या कांचेवर गार पाणी पडलें तर ती तडकण्याचें भय असतें. वायपरचे दांडे व आंतील आरसा काढून ठेवावा, बॉनेटवर जुनी गोधडी पसरावी, आणि कोमट साबणाचें पाणी खांचेंत सोडून घटकाभर वाट पाहावी. पट्टी बहुधा दोन तुकड्यांची असते व तिचे जोड लहानशा टोपणाखालीं झांकलेले असतात. तें टोपण प्रथम सरकवून काढावें. पुष्कळांना टोपण हा पट्टीचाच भाग वाटतो, आणि तें जागीं असतांनाच ओढाओढ सुरू होते.

मग जोडापासून आरंभ करून रबराचा ओठ बांबूच्या चपट्या तासलेल्या काडीनें उचलावा. पेचकस दूर ठेवावा. पोलादी पेचकसाचें टोंक कांचेवर टेकवून पट्टी उचकटणें, याच्याइतकी महाग घाई दुसरी नाहीं. वीतभर पट्टी सुटली कीं दुसरा हात मागून आधाराला असावा. एकच टोंक धरून ओढल्यास ती मधेंच दुमडते. ॲल्युमिनियमच्या पट्टीला एकदां मुरड पडली, कीं सरळ केल्यावरहि खूण उरते, कारण वांकलेल्या जागीं धातु कठीण होतो व पुन्हा वांकवितांना तडकूं शकतो. कोपऱ्यांपाशीं लागेल तेवढा वेळ लागूं द्यावा. निघालेल्या तुकड्यांवर ‘डावा’, ‘उजवा’ असें लिहून ते सपाट फळीवर बांधून ठेवावे; भिंतीला टेकवून ठेवलेली पट्टी संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी पायाखालीं सांपडतेच.

यापुढें प्रश्न येतो तो रबराचा. तें मऊ असेल, तर पट्टी स्वच्छ करून त्याच खांचेंत परत बसवितां येते, व कांच हलविण्याचें कारण पडत नाहीं. तें कडक झालें असेल, तर मात्र त्याचा लोभ सोडावा. आंत बसून दोन्ही पायांनीं कांच बाहेर रेटण्याची पद्धत सर्रास आढळते. वाळलेल्या रबरांत रुतलेली कांच अशा वेळीं वांकते आणि तडकते. त्याऐवजीं बाहेरचा ओठ धारदार सुरीनें पुरा कापून काढावा. कांच मग न ठोकतां अलगद सुटते. रबर नव्यानें बनवितां येतें. पंचवीस वर्षांमागें बंद पडलेल्या गाडीची कांच मारेगांवीं बसून मिळावयाची नसते. ती परगांवाहून मागवावी लागते, आणि वाटेंत ती शाबूत राहीलच असें नाहीं.

कांच निघाल्यावर पत्र्याची कड उघडी पडते, व खरा रोग तेथें दिसतो. विशेषतः खालच्या दोन्ही कोपऱ्यांत धुळीचा थर ओला राहून गंज धरलेला असतो. तो पॉलिश कागदानें शुद्ध पत्र्यापर्यंत घासून, अस्तराचा व वरचा रंग देऊन पुरा वाळूं द्यावा. पत्रा झिजून भोंक पडलें असेल, तर तेथें लांबी भरून रंग फांसणें म्हणजे पुढच्या पावसापुरती फसवणूक. डाग देऊन तुकडाच जोडला पाहिजे. पट्टी ॲल्युमिनियमची असल्यास तिला कॉस्टिक सोडा लावूं नये. तो धातूच खातो. मऊ कापड व साबण पुरे.

बसवितांना प्रथम नवें रबर कांचेला चढवावें. तें अखंड कड्यासारखें न मिळतां लांब पट्टा म्हणून मिळालें असेल, तर बोटभर जास्तच कापून दाबून जोडावें, आणि जोड कोपऱ्यांत येऊं देऊं नये. पुष्कळ गाड्यांत पट्टी या वेळींच, कांच टेबलावर असतांना, रबरांत घालणें सोपें जातें. गाडीवर चढविल्यावर रबर चोहोंकडून दाबलें जाऊन खांच उघडत नाहीं. पट्टी बसविण्याची एक जुनी युक्ति आहे: ओठाखालीं बारीक दोरी ठेवावी, पट्टी खांचेंत टेकवावी, व दोरी हळूहळू ओढीत गेलें असतां ओठ आपोआप पट्टीच्या कडेवर चढतो.

तीच दोरी पुढें कांचेलाहि उपयोगी पडते. पत्र्याच्या खांचेंत सुमारें ४ मिलिमीटर जाडीची गुळगुळीत दोरी सबंध फिरवून तिचीं दोन्ही टोंकें खालच्या मध्यावर वीतभर एकावर एक येतील अशीं आंत सोडावीं. साबणाचें पाणी लावून कांच बाहेरून जागेवर टेकवावी. एकानें बाहेरून तळहातानें दाबावें, दुसऱ्यानें आंतून दोरी कांचेच्या मध्याकडे ओढीत जावें. रबराचा ओठ पत्र्याची कड ओलांडून आंत येतो. दोघांचे हात एकाच जागीं असावे लागतात. बाहेरचा माणूस डावीकडे दाबतो आहे आणि आंतला उजवीकडे ओढतो आहे, असें झालें कीं ओठ फाटतो. तेल, ग्रीस किंवा रॉकेल यांना येथें मज्जाव. त्यांनीं काम सोपें वाटतें, पण रबर फुगतें.

कांच बसल्यावर बाहेरून मुठीचे हलके ठोके देऊन ती सर्व बाजूंनीं सारखी बसली कीं नाहीं तें पाहावें व टोपणें जोडांवर सरकवावीं. मग एकानें आंत टिपकागद घेऊन बसावें व दुसऱ्यानें झारीनें वरून पाणी घालावें, प्रथम खालच्या कडेला, मग बाजूंना, शेवटीं माथ्यावर. एकदम सगळीकडे पाणी ओतलें तर गळती कोठली तें कळत नाहीं. पहिले कांहीं दिवस दरवाजे लावतांना बाजूची एक कांच खालीं घेतलेली बरी, म्हणजे कोंडलेली हवा नव्या रबराला धक्का देत नाहीं. जुन्या रबराचा वीतभर तुकडा मात्र फेंकूं नये. पुढें कधीं दुकानदारापुढें तीनहि खांचा मोजून दाखवावयाच्या झाल्या, तर तोच नमुना कामाला येतो.