'पोस्सो' म्हणजे नक्की काय? येतं, शकते की जमतं?

आज इटालियनचं एकच क्रियापद, पण रोज लागणारं: पोतेरे. आपलं 'शकणं'. मी असेल तर पोस्सो, तू असेल तर प्वोई. तो, ती आणि समोरच्याला मान देऊन बोलायचं असेल तर प्वो. सध्या एवढी तीन रूपं पुरेत. पुढे मूळ क्रियापद जसंच्या तसं जोडायचं. पोस्सो एन्त्रारे? 'आत येऊ का?' झाली परवानगी मागून.

आता माझा एक हट्ट. हे इंग्रजीतून शिकू नका. इंग्रजीचं 'कॅन' सगळीकडे एकच. आपल्याकडे तीन क्रियापदं आहेत आणि इटालियनमध्येही तीन. 'मला पोहता येतं' हे शिकलेलं कौशल्य. तिथे पोतेरे नाही, सापेरे लागतं: सो न्वोतारे. 'आज मी पोहू शकते', कारण ताप उतरलाय, तलाव उघडा आहे: पोस्सो न्वोतारे. आणि प्रयत्न करूनही 'जमत नाही', तर नोन रिएस्को.

गाडीचं घ्या. नोन सो ग्विदारे म्हणजे मला गाडी चालवता येत नाही. नोन पोस्सो ग्विदारे म्हणजे येते हो, पण लायसन्स घरी राहिलंय किंवा वाईनचे दोन ग्लास झालेत. नोकरीच्या मुलाखतीत हे दोन्ही सारखं वाटेल का?

डॉक्टरांसमोर तर जास्तच जपा. मिलान, तोरिनोला शिकायला गेलेली आपली मुलं आजारी पडली की बरेचदा एकटीच दवाखान्यात जातात. झोप लागत नसेल तर नोन रिएस्को आ दोर्मिरे म्हणा. नोन पोस्सो म्हटलंत तर झोपायला सवड नाही, मनाई आहे, असंही वाटू शकतं. (रिएस्कोनंतरचा तो छोटा 'आ' विसरू नका, पोस्सोला तो लागत नाही.)

राहिली विनंती. तिथे गेल्यावर 8 कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, म्हणजे खिडकीवर बोलणं आलंच. स्कूझी, मी प्वो आयुतारे? 'माफ करा, मला मदत करता का?' गंमत म्हणजे इथला 'मी' म्हणजे 'मला'! खिडकीपलीकडच्या काकूंना 'प्वोई' म्हणू नका, ते थेट अरे-तुरे होतं. आणखी मऊ बोलायचं असेल तर पोत्रेब्बे. 'करता का'चं 'कराल का' केल्यावर आपल्याकडे जसा सूर बदलतो ना, अगदी तसंच.

समोरून फक्त 'चेर्तो' आलं की समजा, 'हो, नक्की'.

पुढच्या भागात दोवेरे, म्हणजे 'करावंच लागतं'वालं क्रियापद. तोपर्यंत चाओ!