हातचलाखीचें गुपित : विकत घ्यावें कीं न घ्यावें?

पत्त्यांच्या जादूचा नाद असलेल्या माणसाच्या आयुष्यांत एक प्रसंग हटकून येतो. एखाद्या बैठकींत किंवा चित्रफितींत त्याला एक विलक्षण हातचलाखी दिसते. चौकटचा बादशहा गड्डीच्या मधोमध खुपसलेला सर्वांनीं पाहिलेला असतो. पत्ते कोणी पिसलेले नसतात, काटलेले नसतात. आणि वरचें पान उलटावें तों तोच बादशहा तेथें हजर! घरीं येऊन तो गड्डी घेऊन बसतो. रात्रीचे बारा वाजतात, बोटें दुखूं लागतात, पण बादशहा जागचा हालत नाहीं. पुढें त्याला कळतें कीं, या एकाच करामतीचा पाठ अमुक किंमतीस मिळतो. खिशांत पैसे बेताचे असतात आणि मनांतील मोह मोठा असतो. पाठ घ्यावा कीं न घ्यावा?

प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो, परंतु त्यांत एक पेंच आहे. आंबा हुंगून घेतां येतो, कापडाचा पोत चाचपून पाहतां येतो. गुपित मात्र घेण्यापूर्वीं तपासतां येत नाहीं. तपासलें म्हणजे तें मिळालेंच. मग पैसे कशाचे द्यावयाचे? त्यामुळें हा सारा व्यवहार विकणाऱ्याचा प्रामाणिकपणा आणि घेणाऱ्याचा विवेक या दोन खांबांवरच उभा राहतो.

अशी शिकवणी विकत घेण्याची चाल नवी नाहीं. थोर फ्रेंच जादूगार रोबेर-उदँ (१८०५–१८७१) हा मूळचा घड्याळजी. १८५८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यानें सांगितलें आहे कीं, ब्ल्वा शहरांत लोकांच्या पायांचीं कुरुपें काढणारा एक गृहस्थ चेंडू झेलण्याची कला जाणत होता. त्याला दहा फ्रँक देऊन तो ती कला शिकला. शिकवणी लवकरच आटोपली. पुढची मेहनत त्याची त्यालाच करावी लागली. चार चेंडू हवेंत खेळवीत असतां समोरचें पुस्तक वाचण्याचा सराव त्यानें केला. आणि पत्त्यांचा अभ्यास तर तो रस्त्यानें चालतांना, कोटाच्या खिशांत हात घालून करीत असे. दहा फ्रँकांनीं त्याला वाट दाखविली. ती वाट चालण्याची किंमत त्यानें निराळ्या नाण्यांत मोजली.

पत्त्यांच्या विद्येंत सर्वांत मानाचें पुस्तक १९०२ सालीं अमेरिकेंत शिकागो येथें निघालें. ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ हें त्याचें नांव. लेखकानें एस्. डब्ल्यू. अर्डनेस हें टोपणनांव घेतलें होतें. त्याचें खरें नांव काय, याविषयीं तर्क पुष्कळ झाले, परंतु निर्विवाद निर्णय झालेला नाहीं. शंभराहून अधिक रेखाचित्रें असलेल्या या पुस्तकाची छापील किंमत होती दोन डॉलर. दोन डॉलरांत जुगाऱ्यांच्या लबाड्या आणि जादूगारांच्या करामती असा दुहेरी खजिना कोणालाहि मिळत होता. मग सारे वाचक पत्त्यांत निष्णात झाले काय? अर्थातच नाहीं. पुस्तक पुष्कळांनीं वाचलें, हातांत उतरविलें थोड्यांनीं.

त्या थोड्यांपैकीं एक म्हणजे डाय व्हर्नन. १८९४ सालीं कॅनडांतील ऑटावा येथें जन्मलेल्या या माणसानें बालवयांतच तें पुस्तक मुखोद्गत केलें, आणि जन्मभर त्याचा पाठ सोडला नाहीं. त्यावरील त्याचें भाष्य प्रसिद्ध झालें तें १९८४ सालीं, त्याच्या वयाच्या नव्वदाव्या वर्षीं! १९३२ सालीं हा व्हर्नन कॅन्सस संस्थानांतील विचिटा शहरांत काळ्या कागदांतून लोकांच्या चेहऱ्यांच्या छायाकृति कातरून पोट भरीत होता. तेथील तुरुंगांत असलेल्या एका मेक्सिकन जुगाऱ्याकडून त्यानें एक अद्भुत गोष्ट ऐकली. गड्डीच्या वरून न वाटतां थेट मधून पान काढून वाटणारा एक माणूस आपण पाहिला आहे, असें तो सांगत होता.

या करामतीचें महत्त्व काय, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. लबाड जुगारी हवीं तीं पानें गड्डीच्या तळाशीं ठेवतो आणि गुपचूप तळांतून वाटतो. परंतु वाटण्यापूर्वीं समोरचा खेळाडू पत्ते काटतो, त्यामुळें तळचीं पानें मध्यें जातात आणि सारा डाव फसतो. मधूनच पान वाटतां आलें, तर काटण्याचा हा अडसर उरतच नाहीं. म्हणूनच पुष्कळ जाणते अशी वाटणी अशक्य मानीत. व्हर्ननला वरचें पान राखून दुसरें वाटणें येत होतें, तळचें वाटणेंहि येत होतें. मधलें मात्र येत नव्हतें. तो शोधास निघाला, आणि अखेर मिसूरी संस्थानांतील प्लेझंट हिल या लहानशा गांवीं त्याला ॲलन केनेडी हा जुगारी भेटला. व्हर्नननें ती वाटणी प्रथम स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली आणि मग ती कशी करावयाची हें त्याच्याकडून समजावून घेतलें.

हौशी माणसानें या हकीकतींतून घ्यावयाचा बोध गुपिताच्या थोरवींत नाहीं, शोधणाऱ्याच्या तयारींत आहे. आपल्याला नेमकें काय येत नाहीं, हें व्हर्ननला ठाऊक होतें. पाया घालून झाला होता, भिंती उभ्या होत्या, एकच दगड कमी होता. अशा माणसानें त्या एका दगडासाठीं गांवोगांव हिंडावें, पदरचे पैसेहि मोजावे. त्यांत अविचार नाहीं. परंतु ज्याला गड्डी नीट धरतां येत नाहीं, साधें पिसणें सहज साधत नाहीं, त्यानें तोच दगड विकत आणला तर तो अंगणांत पडून राहील.

त्याच १९३२ सालीं व्हर्नन स्वतःहि विक्रेता झाला. फॉसेट रॉस या स्नेह्याच्या साह्यानें त्यानें पत्त्यांच्या दहा प्रयोगांचें एक हस्तलिखित विकावयास काढलें. किंमत वीस डॉलर! अमेरिकेंत तो महामंदीचा काळ होता. पुढें १९३८ सालीं तेथील कायद्यानें किमान मजुरी ताशीं २५ सेंट ठरविली; त्या दरानेंहि वीस डॉलर म्हणजे ८० तासांचे श्रम होतात. तरीहि घेणारे निघाले. व्हर्ननची त्या काळची विद्या छापील पुस्तकरूपानें आली ती १९६२ सालीं. म्हणजे वीस डॉलर देणाऱ्यानें पानांबरोबर तीस वर्षांची आघाडीहि विकत घेतली. ज्याचें पोट रंगभूमीवर होतें, त्याला ती महाग पडली नसेल. ज्याला दिवाळींत चार भाचरांना हंसवावयाचें आहे, त्याला मात्र अशा आघाडीचा उपयोग काय?

म्हणून पैसे काढण्यापूर्वीं कांहीं प्रश्न मनाला विचारावे. पहिला प्रश्न असा कीं, ही करामत कोणत्या खेळासाठीं हवी आहे? खेळ ठरलेला नसतां घेतलेली करामत कुलूप नसलेल्या किल्लीसारखी असते. दुसरा, तोच परिणाम एखाद्या सोप्या युक्तीनें साधतो काय? दोन पानें एक म्हणून उचलण्याची साधी युक्ति नीट बसली, तर कित्येक अवघड करामतींची गरजच पडत नाहीं. प्रेक्षकाला परिणाम दिसतो, श्रम दिसत नाहींत. तिसरा, हें ज्ञान जुन्या ग्रंथांत अगोदरच नाहीं ना? अर्डनेसचें पुस्तक आज सर्वांना खुलें आहे. ह्यूगार्ड आणि ब्राऊ या जोडीनें १९४० सालीं आणि पुन्हा १९४८ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत एकेका करामतीचें सविस्तर विवेचन आहे. चौथा, शिकविणारा दोन्ही बाजूंनीं दाखवितो काय, कीं एकाच सोयीच्या कोनांतून? समोरून निर्दोष दिसणारी हालचाल डावीकडे बसलेल्या प्रेक्षकाला उघडी पडत असेल, तर तें आधीं कळलें पाहिजे. पांचवा प्रश्न सर्वांत कडवट आहे: मागच्या खेपेस विकत घेतलेला पाठ हातांत उतरला काय? तो तसाच पडून असेल, तर नव्या खरेदीची ओढ विद्येची नसून नवेपणाची आहे, हें ओळखावें.

या सर्व कसोट्यांना पाठ उतरला तर तो जरूर घ्यावा, आणि पैसे देऊनच घ्यावा. शब्दांनीं अंगठ्याचा दाब किती हें कळत नाहीं. तें चांगला गुरु एका क्षणांत दाखवितो. सहा महिने चुकीच्या पकडीनें घोटलेली हालचाल पुसून काढावयास दुप्पट श्रम पडतात. हे श्रम वांचले तरी किंमत वसूल झाली.

येथें नीतीचाहि एक प्रश्न येतो. पुस्तकाच्या मजकुराला कायद्याचें संरक्षण असतें, परंतु त्यांतील युक्तीला अमेरिकेचा ग्रंथस्वामित्वाचा कायदा संरक्षण देत नाहीं. ज्यानें वर्षानुवर्षें खपून एखादी नवी हालचाल बसविली, त्याची राखण घेणाऱ्याच्या सचोटीकडेच असते. एकानें घेऊन दहांना नकला वाटल्या, तर दहा जणांचे पैसे वांचतात आणि अकरावी करामत शोधणारा हात थंड पडतो. आणि मधल्या पानाच्या वाटणीसारखी विद्या जुगाराच्या टेबलावर दुसऱ्याचा खिसा कापते, तर जादूच्या मंचावर त्याचें मन रिझवते. ती कोणत्या टेबलावर न्यावयाची, हेंहि घेणाऱ्यानेंच ठरवावयाचें असतें.

निर्णयाची एक साधी रीत आहे. मोह पडला त्या दिवशीं पैसे देऊं नयेत. महिनाभर रोज अर्धा तास, जें येतें तेंच गड्डीवर घोटावें. महिन्याअखेर तीच उणीव तितकीच बोंचत असेल, तर निःशंकपणें पाठ घ्यावा. ती विसरली गेली असेल, तर पैसे शिल्लक राहिलेच, आणि महिन्याच्या मेहनतीनें बोटेंहि तयार झालीं. दोहोंपैकीं कांहींहि झालें तरी नुकसान नाहीं.