सहा महिन्यांचे विद्यावेतन आणि घरातला पदवीधर

(गंगापूर येथील तालुका बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलायचे ठरले होते. पण गेल्या दोन-तीन बैठकांत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. बैठक संपली, सतरंजी गोळा व्हायला लागली, की चार-पाच जण आम्हाला बाजूला घेतात आणि हळू आवाजात विचारतात, "पोराने ती सरकारची ट्रेनिंगची योजना भरावी का हो? त्यात काही आहे का?" कापसाचा प्रश्न मोठ्याने विचारतात, हा मात्र कानात. पदवी घेतलेला मुलगा घरी बसला आहे हे सांगायची लाज वाटते, दुसरे काय. म्हणून आज आम्ही ठरवले, जे कानात विचारता ते माइकवर बोलू.

आधी योजना काय ते सांगतो. २८ जून २०२४ ला विधानसभेत जो अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला त्यात तिची घोषणा झाली आणि जुलैमध्ये शासन निर्णय निघाला. नाव, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. आपण तिला लाडका भाऊ म्हणून ओळखतो. वय अठरा ते पस्तीस. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार. सुरुवातीला मुदत सहा महिने. प्रशिक्षण कारखान्यात, दुकानात, सहकारी संस्थेत, नाहीतर सरकारी कचेरीत. पैसे थेट बँकेच्या खात्यात. वर्षाला दहा लाख तरुण घेणार, साडेपाच हजार कोटी खर्च करणार असे जाहीर झाले. भागाकार करा. माणशी पंचावन्न हजार.

आता तुम्ही म्हणाल, नवीन काही निघाले. नवीन नाही. याच महाराष्ट्रात १९७४ साली रोजगार प्रोत्साहन कार्यक्रम निघाला होता. तोही सुशिक्षित बेरोजगारांना आस्थापनेत पाठवायचा, थोडे विद्यावेतन द्यायचे, असाच. आपल्यातल्या पिकल्या केसांच्या लोकांनी सेवायोजन कार्यालयाचे कार्ड काढले असेल, त्याचे नूतनीकरण करायला एसटीने जिल्ह्याला गेले असतील. ते कार्ड ट्रंकेत राहिले आणि आपण औतामागे. आता कार्डाच्या जागी महास्वयमची वेबसाइट आली आहे.

आम्ही हिशेबाची माणसे आहोत, तेव्हा हिशेब करू. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरा. पदवीधराला रोज पडतो ३८५ रुपये. आयटीआयवाल्याला ३०८. आणि बारावीवाल्याला? दोनशे एकतीस. त्याच २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती २९७ रुपये. म्हणजे बारा वर्षे शाळेत घातलेल्या पोराला सरकार जो दाम देते तो खड्डा खणणाऱ्याच्या सरकारी दामापेक्षा कमी. हे विद्यावेतन आहे, वेतन नाही, असे त्यावर उत्तर मिळते. मान्य. मग विद्या किती मिळाली तेही मोजायला हवे, आणि ते मोजायला कुणी बसत नाही.

विद्या कशी मिळते याचे एक उदाहरण. आमच्या ओळखीचा एक मुलगा, बी.एस्सी. झालेला, एका कचेरीत लागला. कोणती कचेरी ते सांगत नाही, कारण सांगून तिथल्या शिपायाशिवाय कुणाचे काही बिघडणार नाही. सहा महिन्यांत तो तीन कामे शिकला. झेरॉक्स, आवक-जावक, आणि साहेबांच्या पाहुण्यांना पाणी. याच तालुक्यातली एक मुलगी मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. तिथे शिक्षक कमी, म्हणून तिला पहिल्याच आठवड्यात वर्गावर उभे केले. ती खरेच शिकली. पण सहा महिने सरले आणि तिला घरी पाठवले, वर्ग पुन्हा मोकळा. कामाची गरज खरी, शिकवणारी खरी, फक्त जागा खरी नाही. योजना एकच आणि कुणाच्या नशिबी काय येईल ते तुम्ही कुठल्या दारात उभे राहता यावर. म्हणून आमचे म्हणणे, अर्ज भरण्याआधी दार बघा.

दार कसे बघायचे? आपला तालुका या बाबतीत नशीबवान म्हणावा की कमनशिबी, आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. वाळूज आपल्याच तालुक्यात. गंगापूरहून वीस-पंचवीस किलोमीटर. १९८५ साली तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग सुटे भाग करणारे शेकडो लहान-मोठे कारखाने आले. रांजणगाव, जोगेश्वरीच्या शिवारात जिथे ज्वारी-बाजरी व्हायची तिथे शेड उभ्या राहिल्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे नातू आज त्याच फाटकावर शिकाऊ म्हणून उभे आहेत. या विषयावर आम्ही बोलू लागलो तर रात्र होईल, तेव्हा राहू द्या. सांगायचे ते एवढेच की कचेरीत सहा महिने पाणी देण्यापेक्षा कारखान्यात गुणवत्ता तपासणी, स्टोअर, हिशेब यांपैकी काही हाताखालून गेले तर सातव्या महिन्यात दुसऱ्या फाटकावर सांगायला काहीतरी असते. मुलींना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, तेव्हा वाळूजला जाऊन येणे त्यांना मुलांपेक्षा स्वस्त पडते. जोखीम वाटते म्हणून मुलगी पाठवत नाही, असे सांगणाऱ्या बापांना आम्ही एवढेच विचारतो की कापूस वेचायला भल्या पहाटे पाठवता तेव्हा जोखीम कुठे जाते?

आता या योजनेतली जी गोष्ट कुणी वाचत नाही ती ऐका. शासन निर्णयात लिहिले आहे की या प्रशिक्षणार्थ्यांना किमान वेतन कायदा, भविष्य निर्वाह निधीचा कायदा, कामगार विमा, नुकसानभरपाईचा कायदा, औद्योगिक विवाद कायदा लागू नाहीत. कचेरीत बसणाऱ्याला याने फरक पडत नाही. पण वाळूजमध्ये प्रेसशॉप आहेत. प्रेसखाली बोट जाणे म्हणजे काय ते इथे ज्यांची पोरे कामाला आहेत त्यांना ठाऊक आहे. पोराला मशीनवर उभे करणार असतील तर आधी विचारायचे, बोट गेले तर कोण? उत्तर कागदावर घ्यायचे. आणि काही नाही तर बँकेत वर्षाला वीस रुपये कापून पंतप्रधान सुरक्षा विमा काढून ठेवायचा. अपघाती मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर दोन लाख, एक हात किंवा एक डोळा कायमचा गेला तर एक लाख. बोटाला त्यात काही नाही, हेही सांगून ठेवतो.

ज्याला मशीनवरच जायचे आहे त्याच्यासाठी दुसरा रस्ता आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ सालचा. १९७३ मध्ये त्यात इंजिनिअर पदवीधर आणि पदविकाधारक आले, २०१४ च्या दुरुस्तीने इतर पदवीधरांनाही दार उघडले. २०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९ हजार ठरले. आकडा योजनेपेक्षा कमी दिसतो, पण इथे करार होतो, त्याची नोंद होते. कारखान्यातले सुरक्षिततेचे आणि आरोग्याचे नियम लागू होतात, इजा झाली तर नुकसानभरपाई आहे. नोकरी देण्याचे बंधन मालकावर इथेही नाही. पण एक कायदा आणि एक शासन निर्णय यांत फरक असतो. कायदा मोडायला विधिमंडळ नाहीतर संसद लागते. निर्णय बदलायला एक कागद पुरतो.

तिसरी केंद्राची, पंतप्रधान इंटर्नशिप योजना. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा अटी अशा होत्या: वय एकवीस ते चोवीस, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत, घरात कुणी कायम सरकारी नोकर नको, एम.ए., एम.कॉम. केलेला नको. महिना ५ हजार आणि सुरुवातीला एकदाच ६ हजार. मुदत बारा महिने, देशातल्या मोठ्या पाचशे कंपन्यांत. पाच वर्षांत एक कोटी तरुण घेणार असे सांगितले होते. पहिल्या फेरीत कंपन्यांनी ८२ हजारांवर पोरांना या म्हटले, २८ हजारांनी हो म्हटले आणि प्रत्यक्ष हजर झाले पावणेनऊ हजारांच्या आत. का? लांबच्या गावाला ५ हजारांत खोली करून राहायचे, खायचे आणि वर्ष काढायचे. गणित गंगापूरच्या पोरालाही येते. तरी घरून जाऊन-येऊन होईल असे ठिकाण मिळाले तर मोठ्या कंपनीचे वर्ष वाया जात नाही, असे आमचे मत आहे.

आता अर्जाचे. इथे आम्ही जरा रेंगाळणार, कारण आमचे हात इथेच पोळले आहेत.

आमच्यातल्याच एका घरातली मुलगी, बी.कॉम. अर्ज झाला, जागा मिळाली, हजर झाली. एक महिना गेला, दुसरा गेला, पैसे नाहीत. तिसऱ्या महिन्यात आम्ही चौघे तावातावाने निघालो. कचेरीत सरकारच्या नावाने जेवढे बोलता येईल तेवढे बोललो. तिथल्या एका बाईंनी शांतपणे संगणकावर बघितले आणि म्हणाल्या, पैसे दोन महिने जमा होताहेत. मग कुठे? मुलगी आठवीत असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेले खाते, दुसऱ्याच बँकेत. पासबुक कुठे गेले ते कुणाला माहीत नाही. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारशी जे खाते जोडलेले असते त्यात जातात. आम्ही चौघे गुपचूप बाहेर आलो आणि चहा प्यालो. त्या बाईंना धन्यवाद म्हणायचे राहून गेले, ते आज इथून म्हणतो.

तेव्हा पहिले काम, पोराच्या आधारशी कोणते खाते जोडले आहे ते बँकेत जाऊन विचारा. दुसरे, नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, वडिलांचे नाव एकीकडे रावांसकट तर दुसरीकडे रावांशिवाय. जन्मतारखेत फरक असेल तर त्याहून वाईट. हे अर्जाच्या आदल्या रात्री दुरुस्त होत नाही. तिसरे, मोबाइल. आधारला जो नंबर जोडला त्यावर आकडा येतो, आणि तो नंबर पुण्याला गेलेल्या थोरल्या भावाकडे, नाहीतर रिचार्ज संपून बंद पडलेला. चौथे, महास्वयमवर नोंदणीला फी नाही. सेंटरवाल्याने टाइप करण्याची मजुरी घेतली तर ती त्याच्या घामाची आहे, द्या. पण "आतून काम करून देतो" म्हणून हजार मागितले तर उठून या. ज्याचे शिक्षण चालू आहे त्याला ही योजना नाही, ते लपवून भरू नका. आणि महिन्यातली गैरहजेरी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की त्या महिन्याचे विद्यावेतन जाते. वेचणीच्या दिवसांत पोराला शेतात ठेवून घेताना हे ध्यानात असू द्या. वेचायला मजूर मिळत नाहीत हे आम्हालाही कळते, पण मर्यादेबाहेरचा एक दिवस दहा हजारांना पडतो.

शेवटी एक गोष्ट सांगायची की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. सांगतो. एका गावात पोरगा कचेरीत लागला. बापाने सोयरीक बघताना सांगितले, मुलगा सरकारी नोकरीत आहे. खोटे बोलायचे मनात नव्हते. रोज इस्त्रीचा शर्ट घालून पोरगा कचेरीत जातो, महिन्याला पैसे येतात, बापाला ती नोकरीच वाटली. सुपारी फुटली. सहा महिने झाले. २०२५ साली मुदत अकरा महिन्यांवर नेली तेव्हा बापाला वाटले, आता कायमच करणार. पोराला माहीत होते, पण बापाला सांगायची हिंमत झाली नाही. अकरावा महिना संपला आणि मुलीकडचे लोक विचारायला आले. लग्न मोडले. पोरगा आता घराबाहेर निघत नाही.

कायम करा म्हणून या प्रशिक्षणार्थ्यांनी मुंबईत आंदोलने केली. त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे असे आम्हाला वाटते, कारण आशा त्यांनी स्वतःहून लावून घेतली नव्हती, त्यांना ती दाखवली गेली होती. पण शासन निर्णयात नोकरीचा शब्द कुठेही दिलेला नाही, हे बापांना कुणीतरी सांगायला हवे होते. आम्हीही सांगितले नाही. अर्ज भरून देण्यात आम्ही पुढे होतो.

म्हणून भरा की नको भरा, याचे आमचे उत्तर असे. घरी बसून मोबाइल बघणाऱ्या पोराने भरावा. स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली पाचवे वर्ष घालवणाऱ्याने तर नक्की भरावा. ज्याचा दुधाचा, रोपवाटिकेचा, दुरुस्तीचा धंदा आत्ताच चालू लागला आहे त्याने दहा हजारांसाठी तो मोडू नये. लाभ एकदाच मिळतो, तेव्हा पहिले दार दिसले म्हणून आत शिरू नका. आणि पहिल्या दिवशीच घरी सांगा की ही मुदतीची गोष्ट आहे. सोयऱ्यांनाही सांगा.

योजनेत सध्या जागा निघाल्या आहेत का, कुठल्या कुठल्या, ते महास्वयमवर बघावे लागते. येत्या आठवडी बाजाराच्या दिवशी आम्ही तिघे दुपारपर्यंत इथेच बसतो. येताना आधार, शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि घरात असतील तेवढी सगळी पासबुके आणा, जुनी, फाटलेली सुद्धा. आणि आधारचा नंबर थोरल्याकडे पुण्यात असेल तर त्याला सांगून ठेवा, त्या दिवशी फोन उचल म्हणून.