कुमार गंधर्व : गायकामागील रचनाकार

आपल्याकडे गवयाची कीर्ति त्याच्या गळ्यावरून ठरते. आवाज कसा, तान किती दाणेदार, लयीवर ताबा किती, याची चर्चा मैफल उठल्यावरहि चालते. परंतु तो जी चीज गायला ती बांधिली कोणी, हा प्रश्न क्वचितच निघतो. सदारंगासारखें नांव चिजेच्या शब्दांतच गोंवलेलें असलें तर तेवढें कानांवरून जातें. कुमार गंधर्वांची थोरवी जाणावयाची तर हा प्रश्न विचारल्यावांचून गत्यंतर नाहीं.

त्यांचें मूळ नांव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. जन्म बेळगांवजवळील सुळेभावी येथें, ८ एप्रिल १९२४ रोजीं. सिद्धराम हें नांव सोलापुरकरांस परकें नाहीं, आणि घरांत कानडी व बाजारांत मराठी ही रीतहि येथें अंगवळणीं पडलेली आहे. अशाच दुभाषी मुलुखांतला हा मुलगा थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवी. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्यास बालपणींच मिळाली. पुढें मुंबईस प्रोफेसर बा. र. देवधर यांच्या हाताखालीं अनेक घराण्यांचें गाणें पारखून घेण्याचें शिक्षण त्यास लाभलें.

ऐन उमेदींत क्षयानें गांठलें. १९४८ च्या जानेवारींत कोरड्या हवेसाठीं ते माळव्यांतील देवास येथें गेले. एक फुफ्फुस निकामी झालें. डॉक्टरांनीं गाण्यास मनाई केली. ज्याचें सारें जीवित गळ्यावर, त्यास सुमारें पांच वर्षें मौन पाळावें लागलें. स्ट्रेप्टोमायसिन हें त्या काळीं नवें असलेलें औषध आणि पत्नी भानुमतीबाईंची शुश्रूषा यांनीं जीव वांचला.

गाणें बंद होतें, कान मात्र मोकळे होते. बायकांचीं लग्नगीतें, फिरत्या जोग्यांचीं निर्गुणी भजनें त्यांवर पडूं लागलीं. अशा धुनेंत बहुधा चारपांचच स्वर असतात. परंतु कोणत्या स्वरावर ती थांबते, कोणता नुसता चाटून जाते, कोठें वळते, याचा एक नेम असतो. त्या नेमांतच रागाचें बीज आहे, हें कुमारांनीं ओळखिलें. कसबी विणकर चादरीच्या एका कोपऱ्यावरून सारी वीण सांगतो. तसेंच ते धुनेच्या तुकड्यावरून रागाचा पूर्ण विस्तार सिद्ध करीत. अशा रागांस त्यांनीं ‘धुनउगम राग’ म्हटलें.

मालवती, संजारी, सहेली तोडी, लगनगंधार हे त्यांपैकीं कांहीं. अहिमोहिनीचें मूळ गारुड्याच्या पुंगींत आहे. मधसुरजांतील चिजेंत बळी जाणारी शेळी, घरीं एकट्या राहिलेल्या पिलासाठीं देवीची करुणा भाकते. एरवीं नायकनायिकांच्या विरहांत रमणाऱ्या ख्यालांत असा विषय यावा, हेंच मोठें धाडस होतें. महात्माजींच्या जन्मशताब्दीनिमित्त, १९६९ मध्यें, ‘गांधी मल्हार’ निर्माण झाला.

राग हे परंपरेनें येतात, एकट्यादुकट्यानें ते रचूं नयेत, असा आक्षेप निघाला. तो अगदींच पोकळ नव्हता. दोन रागांचे तुकडे जोडून नवें नांव देणारे थोडे नव्हते. त्यावर कुमारांचें उत्तर १९६५ सालीं ‘अनूपरागविलास’ या ग्रंथानें आलें. आपल्या बंदिशी त्यांनीं स्वरलिपीसह छापून लोकांपुढें ठेविल्या. ज्यास शंका असेल त्यानें त्या गाऊन पाहाव्या. रचना कर्त्याच्या गळ्यावांचून टिकते कीं नाहीं, ही खरी कसोटी होय. आणि आज दुसऱ्या गायकांच्या मुखीं त्यांच्या चिजा ऐकूं येतात.

१९९० सालीं पद्मविभूषण हा मान त्यांस मिळाला. १२ जानेवारी १९९२ रोजीं देवास येथें त्यांचें देहावसान झालें.

ज्या घरांत मुलें गाणें शिकत असतील, त्यांनीं चिजेबरोबर तिच्या कर्त्याचें नांवहि मुलांस सांगावें. परंपरा हीदेखील एके काळीं कोणी तरी नव्यानें बांधिलेलीच असते, हें त्यांस लहानपणींच उमगेल.