साच्याची वीज, भीमेचं पाणी

मुंबईत, डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी तांब्याचा एक गडू असतो. आजोबा गिरणीत साचेखात्यात, मागावर होते. आषाढीला रजा टाकून पंढरपूरला जायचे, चंद्रभागेचं पाणी या गडूत भरायचे, झाकणाच्या कडेला मेण लावून आणायचे. मग चाळभर दारोदारी पळीपळीनं तीर्थ.

त्याच नदीच्या पाण्यावर त्यांचा साचा चालत होता, हे मला फार उशिरा कळलं.

इंद्रायणी, आंध्रा, मुळा या सह्याद्रीतून पूर्वेला जाणाऱ्या, भीमेचं, म्हणजे पंढरपूरच्या चंद्रभागेचं, पोट भरणाऱ्या नद्या. टाटा कंपनीनं घाटमाथ्यावर धरणं बांधून त्यांचं पाणी पश्चिमेला वळवलं आणि मोठाल्या नळांतून कोकणात उतरवलं. १९१५ला खोपोली, १९२२ला भिवपुरी, १९२७ला भिरा अशी वीजघरं सुरू झाली. त्या विजेवर गिरण्या चालल्या. मुळेवरच्या धरणात जमिनी बुडणार म्हणून मुळशीचे शेतकरी १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापट पुढे होते. तो लढा आपण जमिनीचा म्हणून आठवतो, नदीचा म्हणून आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

धरणाचं पाणी शेताला दिलं, तर थोडं तरी झिरपून नदीत परततं. घाटाखाली गेलेलं पाणी भीमेला परत मिळत नाही. दोष एकट्या या धरणांचा नाही. खाली उजनी धरण आहे, ऊस आहे, पुण्याचं सांडपाणी आहे. पण वारीसाठी चंद्रभागेत धरणातून पाणी सोडावं लागतं, त्याची सुरुवात वर घाटमाथ्यावरही आहे.

१९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या. त्यांच्या जागी टॉवर आले. पाणी अजून पश्चिमेलाच जातं. ते पूर्वेला सोडा, असं भीमा खोऱ्यातली माणसं मागतात. सगळं सोडता येणार नाही, कारण पाताळगंगा आणि कुंडलिकेच्या काठची गावं, कारखाने आता त्यावरच आहेत. तरी कोरड्या वर्षी, उन्हाळ्यात, ठरलेला हिस्सा मुळेला, इंद्रायणीला मिळालाच पाहिजे. मुंबईला वीज दुसरीकडून आणता येते.

गेल्या उन्हाळ्यात मी आजोबांचा गडू घेऊन पंढरपूरला गेले. घाटाच्या पायऱ्या उतरून वाळवंटात बरीच चालले. पुढे हिरवट डबकं होतं, कडेला निर्माल्य अडकलेलं. वाकले, पण भरवेना. गडू रिकामाच आणला, चिंचेनं घासला आणि जागेवर ठेवला.