थंडीतलं इंजिन आणि चुलीवरचं पाणी

(शिरूर आणि दौंड तालुक्यांत ऊसतोड टोळ्यांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



फळ्यावरचा विषय वाचून तुमच्यातल्या दोघीतिघी हसल्या. 'थंडीत ट्रकचं इंजिन कसं चालू करावं.' बाईच्या आरोग्यावर, उचलीवर बोलायचं सोडून हे काय काढलं, असं वाटणं साहजिक आहे. पण भीमेकाठची डिसेंबरातली एक पहाट आठवा. ऊस रात्रीच भरून झालाय, गाडी न्हावरा-चौफुला रस्त्याला लागायची आहे आणि ती काही केल्या चालू होत नाही. अशा वेळी ड्रायव्हर हाक कुणाला मारतो? कोपीकडे तोंड करून म्हणतो, "बाई, पाणी तापवा जरा." मध्यरात्रीपर्यंत मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढलेली बाई उठते आणि चूल पेटवते. सरपण तिनंच आणलेलं, पाणीही तिनंच भरलेलं. त्यानं भागलं नाही तर धक्का मारायला अख्खी टोळी. मजुरी टनावर, तीही नवरा-बायकोच्या एका 'कोयत्या'ची. तापवलेलं पाणी, मारलेला धक्का, झालेला खोळंबा यांचं वजन काट्यावर येत नाही.

म्हणजे इंजिन चालू करण्याच्या कामात बाई आधीपासून आहेच. ते का अडतं, एवढंच तिला कुणी सांगत नाही. आणि ते माहीत नसलं की जिवावर बेतणाऱ्या कामालाही 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून आजचा हा विषय.

सायकलला हवा भरताना पंपाची नळी तापते, हे तुम्ही पाहिलंय. डिझेल इंजिनाचं सगळं गुपित तेवढंच आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, यात नसते. आत घेतलेली हवा सोळाव्या-सतराव्या हिश्शाएवढी दाबली जाते, पाचशे अंशांच्या वर तापते आणि तिच्यात डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. डिझेलला पेटायला दोनशेच्या थोडी वर उष्णता पुरते. मग अडचण कुठे येते? रात्रभर गारठलेलं लोखंड ती उष्णता शोषून घेतं. ऑइल घट्ट झालेलं असतं, बॅटरीची ताकद थंडीनं घटलेली असते, त्यामुळे स्टार्टर इंजिन सावकाश फिरवतो. सावकाश दाबलेल्या हवेला निवायला वेळ मिळतो. त्यातून इंजिन जुनं आणि रिंगा झिजलेल्या असतील तर हवा कडेनं निसटते. फडावर येणाऱ्या गाड्या बहुधा जुन्याच असतात, हे वेगळं सांगायला नको.

ड्रायव्हर म्हणतो, "डिझेल गोठलं." आपल्याकडे हे सहसा खरं नसतं. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळ्यातलं डिझेल ३ अंशांपर्यंत वाहतं राहिलं पाहिजे, आणि शिरूर-दौंडला पारा दहाच्या खाली गेला तरी तिथवर क्वचितच पोचतो. लडाखमध्ये मात्र ते खरंच गोठतं. तिथे २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं डिझेल आणलं. तेव्हा आपल्या फडावर डिझेलला दोष देण्याआधी बॅटरी आणि ऑइलकडे बघायला सांगा. धूर कसा आहे तेही बघा. स्टार्टर मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे उष्णता कमी पडतेय. धूरच नसेल तर डिझेलच पोचत नाही. फिल्टर तुंबलाय किंवा नळीत हवा धरलीय. मग तुम्ही घागरभर पाणी तापवलंत तरी उपयोग शून्य!

पाणी तापवायचंच तर ते रेडिएटरसाठी, आणि उकळतं नको. गार लोखंडावर उकळतं पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. नव्या गाड्यांत कूलंट असतं, तिथे पाणी ओतायचंच नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड साचली असेल तर तार काढून थोड्या कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसली तरी फरक पडतो. क्लच दाबून स्टार्टर मारावा, म्हणजे गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल घुसळावं लागत नाही. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग मिनिटभर दम. सतत घरघर करत राहिलं तर उरलीसुरली बॅटरीही जाते. मग आहेच, "या गं सगळ्याजणी, धक्का मारा."

आता त्या धक्क्याबद्दल. गेल्या हंगामात एका फडावर सहा महिन्यांची गरोदर बाई रिकाम्या ट्रकला मागून धक्का देत होती. क्लच सुटला, इंजिन एकदा हिसकलं आणि बंद पडलं. गाडी चढावर होती, ती मागे आली. चाकामागे दगड लावायला कुणी नव्हतं. बाई बाजूला पडली, पाऊल चिरडता चिरडता वाचलं. मुकादम म्हणाला, "नशीब थोर." मला राग त्या शब्दाचा आला. रात्री गाडी उताराला तोंड करून लावायला, मागे ओट ठेवायला नशीब लागत नाही. ओढायचीच तर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढावी, माणसांनी नव्हे.

दुसरी गोष्ट जाळाची. टाकीखाली किंवा ऑइलच्या चेंबरखाली पाचट पेटवतात, हवा घेण्याच्या तोंडाशी पेटता बोळा धरतात. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही, असा भरवसा असतो. पण ३५ अंशांच्या थोडं वर तापलं तरी त्याची वाफ पेट घेऊ शकते आणि तुम्ही तर टाकीच तापवताय! भोवती वाळलेलं पाचट, पलीकडे पाचटाच्याच कोप्या, आत झोपलेली पोरं. हा जाळ लावू द्यायचा नाही, हे टोळीतल्या बायकांनी हंगामाच्या आधी मुकादमाला बजावून सांगायचं.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत कारभार संगणकाच्या हाती आहे. काहींत हवा तापवणारा हीटर असतो. किल्ली अर्धी फिरवून डॅशबोर्डवरचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग स्टार्टर. तिथे बोळा आणि धक्का दोन्ही चालत नाहीत. फडातून आता ट्रकपेक्षा ट्रॅक्टर जास्त दिसतात, पण इंजिन डिझेलचंच, तेव्हा बाकीचं सगळं त्यालाही लागू.

आणि बायकांना यातलं काय कळणार, असं कुणी म्हणालंच तर त्याला २०२३ सालची सासवड-नीरा एसटी सांगा. ती अर्चना आत्राम यांनी चालवली होती.

टोळीशी बोलताना माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. गरोदर आणि बाळंत बाई धक्क्याला जाणार नाही, आणि गाडी बंद पडून गेलेले तास मुकादमाच्या वहीत लिहिले जातील. पैसे लगेच मिळतील असं मी म्हणत नाही. पण वहीत नसलेले तास मागायचे कसे?

बाहेर एक जुना ट्रक आणून ठेवलाय, रात्रभर उघड्यावर होता. न्यूट्रल आहे, चाकांना ओट लावलेत. पहिल्यांदा किल्ली कोण फिरवणार? घड्याळ मी धरते, दहा सेकंदांचं.