नाक मोजणाऱ्याचं नाक

(नागपुरात युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आजचा विषय हसण्याचा आहे, म्हणून जरा गंभीरपणे ऐका. माणूस वाघाचं वर्णन करतो, बेडकाचं करतो, ते जमतं. पण हा बेटा स्वतःचंच वर्णन 'तटस्थपणे' करायला बसला की खरा तमाशा सुरू होतो.

१७३५ साली स्वीडनच्या लिनियसने समद्या सृष्टीची यादी केली. प्रत्येक प्राण्यापुढे त्याच्या खुणा लिहिल्या. माणसाची पाळी आली तेव्हा लॅटिनमध्ये एवढंच लिहिलं, की बाबा, स्वतःला ओळख. इथवर ठीक होतं. पण १७५८ च्या आवृत्तीत त्याने माणसाला होमो सेपियन्स हे नाव दिलं आणि रंगावरून पाडलेल्या प्रत्येक भागाला स्वभावही चिकटवला. युरोपातला माणूस नियमाने चालतो, आशियातला मतांवर, आफ्रिकेतला लहरीवर. लिहिणारा कुठला? युरोपचाच! १९५९ मध्ये स्टर्न नावाच्या अभ्यासकाने म्हटलं, की होमो सेपियन्सचा अधिकृत नमुना म्हणून लिनियसलाच धरावं. घ्या! कापडही तोच अन् गजही तोच.

आपल्या नागपुरात झिरो माईलचा खांब आहे. इंग्रजांनी रोवला, त्यावर गावोगावची अंतरं कोरली. खांबाचं स्वतःचं अंतर किती? शून्य. मोजणारा नेहमी असाच उभा राहतो. जग दूर, जग वाकडं, आणि हा मात्र शून्यावर.

रिस्ले नावाचा साहेब होता. १९०१ च्या जनगणनेचा मोठा अधिकारी. त्याने लोकांची नाकं मोजली. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. निघालेल्या आकड्यावरून त्याचा सिद्धांत असा, की नाक जितकं रुंद तितकी जात खाली. म्हणजे मनूने जे स्मृतीत सांगितलं, ते साहेबाने कंपासात पकडलं. ब्राह्मण खुश, साहेब खुश. नाकवाल्याला कोणी विचारलंच नाही.

पुढे घुर्यांनी १९३२ साली दाखवलं, की उत्तरेकडचा एक भाग सोडला तर हा हिशोब जुळतच नाही. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये तेच आकडे उचलले आणि पंडितांच्या टेबलावर आपटले. मोजमापावर तुमचा विश्वास आहे ना? मग तुमचीच मापं सांगतात, की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे. मोजपट्टी तीच, फक्त हात बदलला.

आता १९१६ साल बघा. आपल्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ लंडनहून निघाला. त्यात महार आहे, ब्राह्मण आहे, गोंड आहे. लग्न कसं लावतात, मेल्यावर काय करतात, सगळं आहे. पण या प्रांतावर राज्य करणारी जी गोरी टोळी होती, तिच्यावर प्रकरण नाही. तिच्या क्लबात कोणाला घेत नाहीत, पोरी कोणाला देत नाहीत, हे कोणी लिहायचं?

आणि त्याच वर्षी, ९ मे १९१६ ला, न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांचा एक महार विद्यार्थी मानववंशशास्त्राच्या वर्गात उभा राहिला. ज्याचं वर्णन चौथ्या खंडात छापलं गेलं, तोच वर्णन करायला लागला. जातीचं मूळ नाकात नाही, रक्तात नाही, जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे, असं त्याने मांडलं. शेवटी म्हणाला, की शास्त्रात भावनेला थारा नको, माझं मत खोडलं तरी आनंदच आहे. मित्रांनो, तटस्थपणा याला म्हणतात. चटका ज्याला बसला तो हे बोलतोय!

जीवशास्त्राच्या मराठीत स्पीशीजला 'जाती' म्हणतात. त्या अर्थाने अख्खा माणूस एकच जाती. पण आपल्याकडे काय? महाडच्या चवदार तळ्यावर गाई, म्हशी, कुत्री पाणी पीत. १९२७ च्या २० मार्चला माणसं पाणी प्यायली तर तळं बाटलं, अन् ते शुद्ध केलं शेण-गोमूत्राने. परग्रहावरचा शास्त्रज्ञ असता तर वहीत लिहिलं असतं : 'या प्राण्याला स्वतःची जात ओळखता येत नाही.'

हसलात? आता तीच वही आपल्याकडे फिरवू. लिहा : 'हा प्राणी भाषणात जातिअंत बोलतो, सोयरिकीत पोटजात विचारतो. साडेबारा पोटजातींचा हिशोब त्याला तोंडपाठ. सभेत समतेची घोषणा देतो, घरी बायकोवर खेकसतो, चहा आण.' का बाप्पा, आता हसू कमी झालं? दुसऱ्याचं नाक मोजताना मजा येते. स्वतःच्या नाकाला पट्टी लावली की ती थंडगार लागते.

येत्या जनगणनेत जात मोजणार, असं सरकारने २०२५ साली जाहीर केलं आहे. १९३१ नंतर जनगणनेत पहिल्यांदाच सगळ्यांच्या जाती मोजल्या जातील. पट्टी पुन्हा निघाली आहे. मोजू द्या, मोजायलाच पाहिजे. कोणाकडे किती जमीन, किती खुर्च्या, ते उघडं पडलंच पाहिजे. पण पट्टी कोणाच्या हातात आहे अन् शून्यावर कोण उभा आहे, हे विचारायचं काम आपलं. आकडे शिका. इतिहास शिका. वर्णन करणाऱ्याचं वर्णन करा, आणि त्या यादीत स्वतःचं नाव गाळू नका.

जय भीम!